झोप : दहा गुणांसाठी

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी ‘नर्सिंग फाउंडेशन’ नावाचा विषय असतो आणि त्यात विश्रांती व झोप यांचाही अभ्यास असतो. झोप न येणाऱ्या रुग्णासाठी काय करावं? दिवे मंद करावेत, आवाज थांबवावा, निजायची वेळ ठरलेली असावी, संध्याकाळनंतर चहा देऊ नये. नागपुरात मेडिकल चौकाजवळ हॉस्टेलवर राहणाऱ्या माझ्या भाचीला हे सगळं तोंडपाठ आहे. पाठ केलं ते रात्री दोन वाजता, ट्यूबलाइटखाली, चहा पीत.

फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंच्या १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये गोंगाटावर वेगळं प्रकरण आहे. रुग्णाची पहिली झोप मोडू नये, याबद्दल बाई फार कडक. नर्सच्या झोपेची चौकशी पुढे संशोधकांनी सुरू केली. १९८९ साली पिट्सबर्गच्या मंडळींनी तयार केलेल्या प्रश्नावलीत एकवीसपैकी पाचाच्या वर गुण गेले की झोप बिघडली असं धरतात. भाचीच्या खोलीत चौघींनी ती भरून पाहिली. चौघींनाही इतके भरघोस गुण पहिल्यांदाच मिळाले.

स्वभावाचीही अशीच मोजणी होते. मानसशास्त्रवाले त्याचे पाच पैलू सांगतात आणि त्यातला नेटकेपणा परीक्षेतल्या गुणांशी सगळ्यांत इमानाने नातं राखतो, असं पुन्हा पुन्हा दिसलंय. या खोलीतली नेटकी मुलगी केअर प्लॅन तीन रंगांच्या शाईत लिहिते आणि तिचं जर्नल कधीही तपासायला तयार असतं. तिच्या शेजारची बडबडी. हिचं जर्नल आदल्या रात्री जन्माला येतं. पण वॉर्डात एक आजी गोळ्या घेईनात, तेव्हा हिनंच खाटेवर टेकून विचारलं, “काहून वो आजी, राग गोळीवर हाय का माह्यावर?” आजी हसल्या आणि त्या हसण्यातच गोळी घेऊन मोकळ्या झाल्या. याचे गुण कुठल्या रकान्यात मांडायचे ते कोणी ठरवलेलं नाही. माझं मत विचाराल तर, आजारी पडलो की मला ही बडबडीच हवी. डोस मात्र नेटकीनं मोजावा.

मोबाईलला नावं ठेवणं सोपं आहे. पडद्याच्या उजेडानं मेलाटोनिन उशिरा सुटतं, आणि दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते गाढ झोपेत. म्हणजे औषधांचे डोस घोकायचे आणि ते मुरायच्या वेळी रील पाहत बसायचं! हे मी भाचीला सुनावलं. ती म्हणाली, “मामा, तुम्हाले काय जाते सांगायले? आज पहिल्यांदा माझ्यासमोर पेशंट गेला. मग मी मांजरीचे व्हिडिओ पाहिले.” पुढचं व्याख्यान मी गिळलं.

जागरण या पेशाला नवं नाही. कमलाताई होस्पेट नागपूरच्या डफरीन हॉस्पिटलात सुईणीचं शिक्षण घेऊन बाहेर पडल्या आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृसेवा संघ उभा केला. बाळंतपणं काही वेळ विचारून येत नाहीत, तेव्हा झोप त्यांचीही मोडत असणार. पण त्या जागरणातून निदान एक मूल तरी जन्माला यायचं. रील संपते तेव्हा पुढची रील जन्माला येते.

त्यात नाइट ड्युटी लागली की दिवसा झोपायचं, आणि तेही नागपूरच्या मे महिन्यात. पारा पंचेचाळिशीला, कूलरमधलं पाणी दुपारी एकलाच संपलेलं, खिडकीला चादर बांधलेली. शरीराला सगळीकडून निरोप मिळत असतो की हा दिवस आहे.

“रात्री फोन बंद करत जा,” हा माझा शेवटचा सल्ला. तो करता येत नाही म्हणे, कारण उद्या कुणाला कुठला वॉर्ड ते ग्रुपवर येतं, तेही कधीकधी रात्री साडेअकराला. शिवाय गजर फोनमध्येच. पहाटेचे चार गजर बडबडीचे असतात. त्यांनी उठतात त्या इतर तिघी.