टायरपारखी

टायरपारखी हा धाड गावात पंक्चरच्या दुकानासमोरच्या बाकावर आढळतो. खूण एकच: गाडी थांबली की तो आधी टायरवर अंगठा दाबतो, मग गाडीतल्या माणसाला रामराम करतो. निकाल ठरलेला असतो. “निघते अजून एक पावसाळा, भाऊ!”

त्याच्या स्वतःच्या गाडीच्या चार चाकांवर चार कंपन्या नांदतात. एक टायर जालन्याहून आणलेला जुना, दुसरा भंगारात निघालेल्या गाडीचा, तिसरा रिमोल्ड. चौथ्यावरचं नाव झिजून गेल्यामुळे त्याचं कूळ सांगता येत नाही. स्टेपनीचा विषय घरात कोणी काढत नाही.

नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. ही मर्यादा कळावी म्हणून खोबणीत बारीक उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. टायरपारखी नेमके तेच उंचवटे दाखवून म्हणतो, “पाहा, माल शिल्लक आहे.” टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. त्यावर त्याचं मत असं, की तेव्हाचं रबर चांगलं यायचं. नक्षी शोभेसाठी नसते, रस्त्यावरचं पाणी बाजूला फेकण्यासाठी असते. गोटा झालेला टायर भर पावसात राजूर घाटात काय करेल, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून पावसाळ्यात तो घाट टाळतो. टायर बदलत नाही.

समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात, तापलेल्या सिमेंटवर, हवा कमी असलेला जुना टायर फुटायला निमित्त लागत नाही. २०२३ मध्ये तिथे टायर तपासून गाड्या परत पाठवू लागले, तेव्हा टायरपारखीने ऐन मे महिन्यात अंगठा दाबून आपला निकाल ऐकवला. “काका, आधी उन्हाळा निघू द्या,” असं उत्तर मिळालं. तो जुन्या रस्त्याने गेला.

या जातीचा एखादा भाचा जर्मनीत असतोच. तिथे बर्फात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं, हिवाळी रबर मऊ राहतं. मऊ रबराचं ऐकून टायरपारखी खूश झाला. जर्मनीनेही अखेर अंगठा मानला. मग त्याने विचारलं, “उन्हाळ्यात ते टायर ठेवता कुठं?”

“मामा, गोदामात. भाडं देऊन.”

टायरला भाड्याची खोली! हा धक्का त्याने आठवडाभर बाकावर सर्वांना वाटला.

एवढं असूनही रात्री-अपरात्री कोणाची गाडी रस्त्यात बसली, की जॅक आणि पाना घेऊन जाणारा पहिला माणूस हाच. पैसे घेत नाही, उपदेश मात्र चुकवत नाही. आणि मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा तिच्या गाडीला त्याने चारही टायर नवे, चांगल्या कंपनीचे बसवले. जुन्यांची नक्षी अजून निम्मी होती. तिथे त्याने अंगठा दाबला नाही.

उतरवलेले चार टायर आता त्याच्या गाडीला आहेत. चारही चाकांवर एकच कंपनी असण्याची त्याची ही पहिलीच वेळ.