एकच वळण राहिलं

बावन्नाव्या वर्षी मी काय काय करू नये याची यादी बायकोने फ्रिजवर लावून ठेवली होती. पुण्याहून सायकलने महाबळेश्वरला जाणं त्या यादीत नव्हतं, कारण असं काही कुणाला सुचेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. यादीतली ही फट मी हेरली.

"एकशेवीसच किलोमीटर," आमचा म्होरक्या म्हणाला, "आणि घाट तीनच." मराठीतलं सगळ्यात फसवं अक्षर 'च' आहे, हे मला त्या डिसेंबरात कळलं. त्याला काही वर्षं झाली, पण पोटऱ्या अजून विसरलेल्या नाहीत.

पहाटेच्या अंधारात जुना कात्रज घाट चढलो. अंधारामुळे चढ दिसला नाही आणि त्यामुळे तो झेपला. शिरवळला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. तिथे वडापाव खाताना मी स्वतःला सायकलपटू समजत होतो.

हा समज खंबाटकीने उतरवला. तेव्हा तिथे साताऱ्याहून येणाऱ्याला बोगदा होता आणि जाणाऱ्याला घाट. पोलादाच्या गुंडाळ्या लादलेला एक ट्रक कण्हत कण्हत माझ्या शेजारी आला आणि शेजारीच राहिला. अर्धा किलोमीटर आमचा वेग एकच होता. क्लीनरने खिडकीतून मान काढली.

"शेठ, किती गिअर?"

"एकवीस."

"आमचे सहाच!" असं म्हणून तो पुढे गेला.

सुरूर फाट्याला हायवे सोडला, वडांच्या सावलीतून वाईत आलो आणि ढोल्या गणपतीला हात जोडले. निवांत बसलेल्या त्या भव्य मूर्तीकडे बघून सायकलिंग सोडावंसं वाटलं. पण म्होरक्या पसरणीच्या वाटेला लागला होता. ज्या पसरणीने शाहीर साबळ्यांचा आवाज महाराष्ट्राला दिला, तिथून पुढे माझा आवाज बंद झाला.

पसरणी घाटाचा हिशोब सोपा आहे. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास आणि मधला रस्ता बारा किलोमीटर. म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वहीत हा चढ किरकोळ दिसतो. सायकलवर मात्र सगळ्यात हलका गिअर टाकला की पाय गरागरा फिरतात आणि चाक पुढे जावं की नाही याचा विचार करत राहतं.

वळणावर एक बाई पाटीत काकड्या घेऊन बसली होती. "मावशी, पाचगणी किती लांब?"

"ह्ये काय, वरच की!"

यात खोटं काहीच नव्हतं. पाचगणी वरच होती. पुढे गुराख्याने "एकच वळण" सांगितलं. सात वळणांनंतर भेटलेल्या मोटारसायकलवाल्यानेही "एकच वळण राहिलं" असं सांगितलं. अख्ख्या घाटात खरं बोलणारा एकटा मैलाचा दगड. 'पाचगणी ७' हे तो इतक्या कोरड्या तोंडाने सांगतो, की त्याच्याशी कुणाची मैत्री होणं अवघडच.

त्याच दगडाजवळ पोटरीत पेटका आला. कठड्याला टेकून मी 'निसर्ग बघू' लागलो. खाली कृष्णेचं खोरं, उसाचे हिरवे चौकोन आणि पलीकडे धोमचं पाणी उन्हात चमकत होतं. खरंच सुंदर होतं. तेवढ्यात मागच्या खिशात हालचाल जाणवली. एका माकडाने माझं शेवटचं केळं काढून घेतलं, कठड्यावर बसून ते शांतपणे सोललं आणि खाता खाता आधी माझ्या सायकलकडे, मग माझ्या पोटाकडे बघितलं. साल मात्र त्याने माझ्यापुढे टाकली.

पाचगणीत चहा झाला. "आता वीसच राहिले," म्होरक्या म्हणाला. त्या 'वीसच'मध्ये स्ट्रॉबेरीची शेतं, थंड वारा आणि माझी दोन लोटांगणं बसली. दिवेलागणीला महाबळेश्वर आलं. बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "यादीत घातलंय."

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना त्याच दगडापाशी थांबलो. एक कॉलेजातला पोरगा सायकल ढकलत वर येत होता. चेहरा बीटासारखा लाल, जीभ जवळजवळ हँडलवर.

"काका, अजून खूप आहे का हो?"

"छे रे! एकच वळण."

पोरगा हसला आणि टांग मारून निघाला. त्याला आकडा दिसू नये म्हणून सायकल मी दगडापुढे आडवी लावली होती.