कार्डिफ ते रेक्सम, मार्गे इंग्लंड

वेल्सच्या दक्षिणेतून उत्तरेत रेल्वेने जायचं, तर वाटेत इंग्लंड लागतं. कार्डिफहून सुटलेली गाडी न्यूपोर्ट, ॲबरगॅव्हनी करत पाऊण-एक तास स्वदेशात धावते, मग हेरफर्डला परमुलखात शिरते. लडलो, श्रूजबरी अशी इंग्रजी गावं घेत चांगली दीडेक तास तिथे रेंगाळते आणि चर्कच्या पुलावर पुन्हा मायदेशी येते. पासपोर्ट लागत नाही, एवढंच. पण ज्याला फुटबॉलमध्ये हरवणं हे राष्ट्रीय ध्येय आहे, त्याच्याच रुळांवरून आपल्याच देशात जायचं, हे कुठल्याही स्वाभिमानी वेल्श माणसाच्या पोटात दुखायला पुरेसं आहे. आणि वेल्श माणूस पोटातलं पोटात ठेवणाऱ्यांपैकी नाही.

मी भाचीकडे रेक्समला निघालो होतो. आदल्या रात्री कार्डिफमध्ये वेल्सचा सामना झाला होता, हे डब्यात पाऊल टाकताक्षणी कळलं. जिकडे पाहावं तिकडे लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या बकेट हॅट. आपल्याकडे अशा टोप्या बारशाला बाळांना घालतात. इथे सत्तरीच्या गृहस्थांनीही गंभीर चेहऱ्याने घातल्या होत्या. माझ्यासमोरच्या बाकावर असेच एक आजोबा आणि त्यांच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. नवरा-बायको असावेत असं वाटलं, पण पाच मिनिटांत उलगडा झाला. ते व्याही-विहीण होते. आजोबा रेक्समचे, बाई स्वॉन्झीच्या. बाईंची लेक आजोबांच्या सुनेच्या पदावर होती आणि नातवाच्या वाढदिवसाला दोघं निघाले होते. सामना सोबत पाहिला होता. भांडण सोबतच चाललं होतं.

वाद आदल्या रात्रीच्या खेळाचा असेल असं वाटेल, तर तसं नव्हतं. गोल कुणी केला, कुणी दवडला, याचा उल्लेखही नाही. वाद होता वेल्सच्या राष्ट्रीय संघाचं घर कुठे असावं याचा.

“सामना सुरू होतो रात्री पावणेआठला,” व्याही माझ्याकडे वळून म्हणाले. मी परका, म्हणजे आपोआप न्यायाधीश. “संपेपर्यंत उत्तरेची शेवटची गाडी गेलेली असते. म्हणजे तिकिटाचे पैसे, गाडीभाडं आणि वर हॉटेल. स्वतःच्या देशाचा घरचा सामना बघायला मुक्कामाची पिशवी घेऊन जायचं!”

“मग मुक्काम करावा,” विहीणबाई म्हणाल्या. “आमच्याकडे करा म्हटलं तर स्वॉन्झी नको म्हणता.”

यावर व्याह्यांनी खिडकीतून ॲबरगॅव्हनीचे डोंगर पाहिले. ते खरोखरच पाहण्यासारखे होते.

व्याह्यांची बाजू इतिहासाने भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. वेल्सची फुटबॉल संघटना स्थापन झाली १८७६ मध्ये, ती रेक्सममधल्या एका हॉटेलात. जगात वयाने तिसरी. इंग्लंड आणि स्कॉटलंड तेवढे आधीचे. वेल्स घरच्या मैदानावर पहिला सामना खेळलं ते ५ मार्च १८७७ला, रेक्समच्या रेसकोर्स ग्राउंडवर. स्कॉटलंडने दोन गोलांनी हरवलं, पण तो तपशील व्याही गाळतात. ते मैदान अजून आहे आणि आंतरराष्ट्रीय सामने होणारं जगातलं सर्वांत जुनं मैदान म्हणून गिनीज बुकात आहे. शंभराहून अधिक वर्षं संघटनेचं बिऱ्हाड रेक्सममध्येच होतं. १९८०च्या दशकात ते कार्डिफला हलवलं. व्याह्यांनी ही हकिगत अशा आवाजात सांगितली, की काल रात्री कुणी टेम्पो आणून सामान भरून नेलं असावं.

“आणि १९८४!” ते म्हणाले. “मार्क ह्यूजचा पहिलाच सामना, आमच्या मैदानावर, आणि गोल कुणाविरुद्ध? इंग्लंडविरुद्ध! एक-शून्य! तो आमच्या रुआबॉनचा पोरगा. पुढच्या वर्षी स्पेनला तीन-शून्य. तिथे ह्यूजने हवेतल्या हवेत जो चेंडू मारला...” पुढचं त्यांनी पायाने दाखवलं. माझ्या नडगीने ते चांगलंच लक्षात ठेवलं.

पलीकडे एक कार्डिफचा तरुण कानात इअरफोन घालून बसला होता. त्याने एक इअरफोन काढला. “आजोबा, १८७७ मध्ये राजधानीच कुठे होती? कार्डिफ राजधानी झालं १९५५ मध्ये. आता विमानतळ तिथे, हॉटेलं तिथे, लोक तिथे. गॅरेथ बेलसारखा खेळाडूसुद्धा कार्डिफचाच.” आणि इअरफोन परत घातला. माझ्या मते एवढाच मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच त्यावर कुणी बोललं नाही.

कार्डिफच्या बाजूने निकाल लागतो असं वाटावं, तोच विहीणबाई उसळल्या. मला वाटलं होतं की दक्षिण म्हणजे एक पक्ष. तसं समजणाऱ्याने स्वॉन्झीच्या माणसापुढे बसू नये. स्वॉन्झी आणि कार्डिफ यांच्यात जेमतेम तासाभराचं अंतर आहे आणि वैर मात्र पिढ्यांचं. वेल्सचा संघ आता ज्या मैदानावर खेळतो, ते तेहतीस हजारांचं कार्डिफ सिटी स्टेडियम २००९ मध्ये उघडलं. ते कार्डिफ सिटी क्लबचं, म्हणजे बाईंच्या दृष्टीने शत्रूच्या गोटातलं.

“देशासाठी जाते,” त्या म्हणाल्या. “पण तिथला चहा पीत नाही.”

आणि सगळ्या खुर्च्या निळ्या, ही त्यांची दुसरी तक्रार. कार्डिफ सिटी परंपरेने निळा संघ. २०१२ मध्ये त्याच्या मलेशियन मालकाने त्याला लाल कपडे घातले, तेव्हा पाठीराख्यांनी असा गहजब केला की २०१५ मध्ये निळा रंग परत आणावा लागला. वेल्स लाल कपड्यांत खेळतो, तेव्हा तीच माणसं लाल टोप्या घालून त्याच खुर्च्यांवर बसतात आणि गळा काढून राष्ट्रगीत म्हणतात. त्याला कुणाचीच हरकत नसते. रंगाच्या बाबतीत तर्कशास्त्र शोधू नये, हे पुण्यातल्या माणसाला निराळं सांगायला नको.

“त्यापेक्षा ते मोठं मैदान बरं होतं,” बाई म्हणाल्या. “निदान ते कुठल्या फुटबॉल क्लबचं नव्हतं.”

मोठं म्हणजे मिलेनियम स्टेडियम, आता त्याचं नाव प्रिन्सिपॅलिटी. साडेचौऱ्याहत्तर हजारांचं, कार्डिफच्या ऐन मध्यात, सरकत्या छताचं, १९९९च्या रग्बी विश्वचषकासाठी बांधलेलं. २००२ मध्ये तिथे वेल्सने इटलीला दोन-एक हरवलं, बेलामीने विजयी गोल केला, मैदान गच्च भरलं होतं. लोकांना वाटलं, सापडलं घर! पुढे संघ हरत गेला. काही सामन्यांना वीस हजारही डोकी नसत आणि रिकाम्या खुर्च्यांनाच गोल दिसत. शिवाय मैदान रग्बीवाल्यांचं. फुटबॉलवाला तिथे भाडेकरू, आणि भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. लहान मैदानात आल्यावर संघ २०१६ला युरो स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०२२ला याच मैदानावर युक्रेनला हरवून १९५८नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र झाला. खेळाडू म्हणतात, इथलाच आवाज हवा. बाईंची पंचाईत ही की त्या आवाजात त्यांचाही आवाज आहे.

“मैदान कुठलंही घ्या, पण वेल्समध्ये घ्या,” हे व्याही-विहिणींचं एकमताचं पहिलं वाक्य. त्याला कारण आहे. १९७७च्या ऑक्टोबरात विश्वचषकाला पात्र ठरायचा वेल्सचा घरचा सामना होता, पाहुणे स्कॉटलंड. कार्डिफच्या तेव्हाच्या मैदानावर गर्दीला मर्यादा, आणि संघटनेला हवा मोठा गल्ला. म्हणून घरचा सामना ठेवला लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर. इंग्लंडमध्ये! तिकिटं काढली स्कॉटिश लोकांनी. त्या परघरच्या घरी चेंडू लागला स्कॉटलंडच्या जो जॉर्डनच्या हाताला आणि पंचांनी पेनल्टी दिली ती वेल्सविरुद्ध. मॅसनने गोल केला, डाल्ग्लिशने दुसरा, आणि वेल्सचा विश्वचषक आटोपला. गल्ला मात्र उत्तम जमला.

गंमत अशी, की लिव्हरपूल रेक्समहून कार्डिफपेक्षा कितीतरी जवळ. व्याही त्या रात्री घरी जाऊन जेवले असणार. हे मी बोलून दाखवलं.

“जेवलो नाही,” ते म्हणाले. “घरी गेलो. जेवलो नाही.”

हेरफर्ड गेलं. लडलोचा किल्ला गेला. डब्यातल्या घोषणा इंग्लंडमध्येही आधी वेल्श भाषेत होत होत्या आणि लडलोला चढलेल्या इंग्रज बाई आपण गाडी चुकलो की काय म्हणून दारातल्या पाटीकडे पाहत होत्या. अशा वेळी मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. “मी काही सुचवू का?”

हे गृहस्थ ॲबरिस्टविथचे. ॲबरिस्टविथ पश्चिम किनाऱ्यावर, देशाच्या मध्यावर. त्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला, तेव्हाच मी ओळखलं की हे ऐतिहासिक दाखला देणार. १९०७ मध्ये वेल्सला राष्ट्रीय ग्रंथालय आणि राष्ट्रीय संग्रहालय मिळालं. दोन्ही कार्डिफला हवी होती. शेवटी संग्रहालय कार्डिफला आणि ग्रंथालय ॲबरिस्टविथला, अशी वाटणी झाली. त्याच न्यायाने फुटबॉलचं मैदान आमच्याकडे बांधा. “उत्तरवाल्यांना आणि दक्षिणवाल्यांना सारखीच गैरसोय,” ते म्हणाले. “इतकी न्याय्य जागा देशात दुसरी नाही.”

“तिथे माणसं किती राहतात?” इअरफोनवाल्याने विचारलं.

“विद्यार्थी धरून की सोडून?”

त्यांचा दुसरा पर्याय मला आवडला. वेल्श भाषेचा मोठा साहित्य-संगीत सोहळा, आइस्टेद्फॉद, एक वर्ष उत्तरेत आणि एक वर्ष दक्षिणेत भरतो. २०२४ला पाँटीप्रिद, २०२५ला रेक्सम. संघही तसाच फिरवावा. मला राहवेना. मी सांगितलं, आमच्याकडे विधिमंडळ असं फिरतं. नागपूरला १९५३च्या करारात शब्द दिलेला, म्हणून दर हिवाळ्यात सरकार फायली, शिपाई आणि विरोधी पक्ष यांच्यासकट मुंबईहून नागपूरला जातं, थंडीत हुरडा खातं आणि परत येतं.

“नागपूरचे लोक खूश आहेत?” व्याह्यांनी विचारलं.

“नाहीत. म्हणतात, आम्हाला दोन आठवड्यांवर बोळवतात.”

“आणि मुंबईचे?”

“तेही नाहीत. म्हणतात, एवढा खर्च कशाला?”

“म्हणजे उत्तम व्यवस्था आहे,” ॲबरिस्टविथकर म्हणाले आणि श्रूजबरीला उतरले. त्यांना तिथे गाडी बदलायची होती. कार्डिफहून स्वतःच्या घरी जायला तेही इंग्लंडमधूनच जातात.

दोन आठवड्यांचा शब्द मात्र व्याह्यांना झोंबला होता. “आम्हाला तेवढंही नाही,” ते म्हणाले. “२००८ला नॉर्वे दिला. मैत्रीपूर्ण. मग अकरा वर्षं काही नाही. २०१९ला त्रिनिदाद आणि टोबॅगो. तोही मैत्रीपूर्ण! खरा सामना चार दिवसांनी कार्डिफला, स्लोव्हाकियाशी, म्हणून बेलला विश्रांती. भरपाईच्या वेळेत एक गोल झाला, नाहीतर तोही मिळाला नसता.”

त्रिनिदादचं नाव त्यांनी ज्या तोंडाने घेतलं, तसं आपल्याकडे लग्नातल्या आहेराच्या पातळाबद्दल बोलतात.

क्रिकेटमध्ये हा त्रास नाही. तिथे वेल्सला संघच नाही, इंग्लंडच्याच पंगतीत बसावं लागतं. १९७२-७३ला वाडेकरांच्या संघाकडून दोन-एक हरून गेलेल्या इंग्लंडचा कर्णधार टोनी लुईस हा स्वॉन्झीचा. विहीणबाईंना हरल्याचं आठवत नव्हतं, कर्णधार असल्याचं आठवत होतं. सोबर्सने १९६८ला एका षटकात सहा षटकार मारले तेही त्यांच्याच गावात, आणि वानखेडेवर तो पराक्रम करणारा रवी शास्त्री पुढे त्यांच्याच ग्लॅमॉर्गनकडून खेळायला आला. या मुद्द्यावर आमचं छान जमलं.

चर्कचा पूल आला, डब्यात दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि थोड्याच वेळात रेक्सम. स्टेशनाला लागूनच रेसकोर्स ग्राउंड. इथे व्याही बरोबर आहेत. गाडीतून उतरून इतक्या सहज राष्ट्रीय मैदानात जाता येण्याची सोय फार ठिकाणी नसेल. फक्त मैदानात मावतात दहा-बारा हजार. गोलमागचा कॉप नावाचा उभ्या प्रेक्षकांचा स्टँड २००८ला बंद झाला आणि २०२३ला पाडला. क्लब २०२१ला ‘डेडपूल’वाला रायन रेनॉल्ड्स आणि त्याचा नटमित्र रॉब मॅकएल्हेनी यांनी घेतल्यापासून गावाचं नशीब फिरलंय, लागोपाठ तीन बढत्या मिळाल्या, आणि फाटकाशी अमेरिकन मंडळी फोटो काढत होती.

भाचीची ड्यूटी संपायला वेळ होता. व्याह्यांनी मला शेजारच्या ‘टर्फ’मध्ये नेलं. १८६४ला रेक्सम क्लब जन्मला तो या दारूच्या गुत्त्यात. विहीणबाई लिंबूपाणी घेऊन बसल्या.

“तुमचा संघ कुठे खेळतो?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ठरलेलं घर नाही. कोलकाता, कोची, गुवाहाटी, भुवनेश्वर, कधी गोव्यात फातोर्डा, कधी मुंबईत अंधेरी. २०२५ला शिलाँगलाही खेळला.

“शिलाँग!” व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला. खासी टेकड्यांत वेल्श मिशनरी १८४१पासून गेले, दवाखाने काढले. व्याह्यांच्या आजीने चर्चमध्ये त्यासाठी पेन्यांची वर्गणी जमवली होती. “तुमचं राष्ट्रीय मैदान शिलाँगलाच हवं.”

“का?”

“भारतातलं तेवढंच गाव मला माहीत आहे.”

विहीणबाईंनी ताबडतोब दक्षिणेची बाजू घेतली. “उत्तरवाल्यांना सगळं आणि दक्षिणेने काय पाप केलं? कोचीला समुद्र आहे का? आहे? मग कोची.”

पुढचा अर्धा तास त्यांनी आमचा देश वाटून घेतला. पात्रता फेरीचे सामने शिलाँगला गेले, आशिया चषक कोचीला, कोलकात्याला बांगलादेश आणि तोही दोन वर्षांतून एकदा. मी भीत भीत महाराष्ट्राचं विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवसभरातलं त्यांचं दुसरं एकमत झालं.

“त्रिनिदाद,” व्याही म्हणाले. “मैत्रीपूर्ण.”