चुकण्याचं तिकीट

व्हेनिसमध्ये प्रत्येक घराला पत्ता असतो. फक्त त्यावरून घर सापडत नाही. जुन्या शहराचे विभाग सहा आणि घरांचे क्रमांक गल्लीवार नव्हे, विभागवार. कास्तेल्लो या एका विभागात तर ते ६,०००च्या पुढे जातात. पत्त्यात विभाग आणि आकडा आला की काम झालं; गल्लीचं नाव लिहायलाच हवं असं नाही. पुढचा आकडा शेजारच्या दारावर असेल किंवा कोपऱ्यापलीकडच्या बोळात. ही व्यवस्था १९व्या शतकातल्या ऑस्ट्रियन अंमलाची. अंमल गेला, सूड उरला.

परक्यांसाठी पिवळ्या पाट्या आहेत: रिआल्तोकडे, सान मार्कोकडे. काही कोपऱ्यांवर एकाच ठिकाणाचे बाण डावीकडेही असतात आणि उजवीकडेही. त्यात खोटं काही नाही. दोन्हीकडून पोचता येतं, घाई नसली तर. उंच भिंतींच्या बोळांत मोबाइलवरचा निळा ठिपका स्वतःच भांबावतो आणि ‘पुढे चला’ म्हणतो तिथे नेमका कालवा लागतो. स्थानिक माणसाला विचारावं, तर तो हात हवेत फेकून सांगतो, ‘सरळ जा!’ सरळ गल्ली मात्र दाखवत नाही.

२०२४पासून ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्याला ५ युरो प्रवेशशुल्क पडतं. २०२५मध्ये ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना ते १० झालं. नगरपालिकेचा हिशेब कच्चाच म्हणायचा. शुल्क बाहेर पडण्यावर लावलं असतं, तर लोकांनी मागाल तेवढं दिलं असतं.