कमांडोमामा

गुडीहत्नूरच्या बाजारात मोकळा रस्ता सोडून एखादा माणूस कापसाच्या गाडीआडून, भिंतीला पाठ घासत वांग्यांकडे सरकताना दिसला, तर समजावं, कमांडोमामा भाजीला निघालेत.

मामा ग्रेहाउंड्समधले. के. एस. व्यासांनी १९८९ साली हैदराबादेत हे नक्षलविरोधी पथक उभारलं. पुढच्याच वर्षी गडचिरोलीत के. पी. रघुवंशींनी तसंच सी-६० काढलं. मामांच्या मते पोलीस खात्यात घडलं ते एवढंच. बाकी सगळा बंदोबस्त.

नोकरी संपली, बेसिक ट्रेनिंग संपलं नाही. गेल्या वाटेनं परतायचं नाही, कारण तिथं सुरुंग पेरलेला असू शकतो. दोघांत अंतर राखायचं, म्हणजे एका स्फोटात सगळे जात नाहीत. मुक्कामाची खूण मागं सोडायची नाही. बोलायचं ते हातानं. या नियमांनी जंगलात मामांचा जीव वाचवला. गावात ते आमचा घेतात.

केसलापूरला नागोबाच्या जत्रेला मामांसोबत गेलो. ज्या रस्त्यानं गेलो, परतताना तो रस्ता बाद! सगळ्यांना उलटं उटनूरला नेलं. घर येईपर्यंत प्रसाद शिळा झाला होता.

लग्नाला घरची मंडळी दहा-दहा पावलांवर, एका रांगेत. मामी सर्वांत मागं, पिछाडी सांभाळत आणि पुटपुटत. मांडवाच्या दाराशी मामा थबकतात, आधी डावा कोपरा, मग उजवा न्याहाळतात आणि मगच आहेर देतात. पंगतीत वाढपी भात घेऊन आला की मामा मूठ वर करतात. पथकात याचा अर्थ ‘थांबा’. वाढपी समजतो, ‘अजून मूठभर’. तो वाढतो, मामा मूठ आणखी उंच करतात, तो आणखी वाढतो. मौन मात्र मोडत नाही. शेवटी ताटातला डोंगर मामा निमूट सर करतात, कारण खूण मागं सोडायची नाही.

या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच, कुणाच्या नजरेत येऊ नये. आणि आज गावात कुणालाही विचारा, टपरीवरचं पोरगंसुद्धा सांगेल, “मामा ना? आत्ता पिठाच्या गिरणीमागं दबा धरून आहेत. सकाळी पुढून गेले, म्हणजे आता मागच्या बोळातून निघतील.”

किराणावाला वही घेऊन त्याच बोळाच्या तोंडाशी उभा असतो. त्यानं कुठलंच ट्रेनिंग घेतलेलं नाही. पण उधारीसाठी लावलेला त्याचा अँबुश अजून एकदाही फसलेला नाही.