तीळपूर्व आणि तीळोत्तर

शीना रिंगो या जपानी गायिकेच्या चाहत्यांची मते हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, कारण ही मते गाण्यांबद्दल जितकी असतात त्याहून अधिक गाण्यांच्या क्रमाबद्दल, कालावधीबद्दल, प्रकाशनाच्या तारखेबद्दल आणि वेष्टनावरच्या लिपीबद्दल असतात, आणि एखादे गाणे ऐकायला गोड आहे की नाही असा साधा प्रश्न विचारला असता चाहता काही क्षण गोंधळतो व मग ते गाणे अल्बममध्ये कितव्या क्रमांकावर आहे हे सांगतो. या वर्तनाला वेड म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या गायिकेने स्वतःच्या अल्बमची लांबी सेकंदापर्यंत ठरवून घेतली, तिचे चाहते सेकंद मोजत बसले तर त्याचा दोष एकट्या चाहत्यांवर टाकता येत नाही.

शीना रिंगोचा जन्म २५ नोव्हेंबर १९७८ चा. ती वाढली फुकुओका शहरात आणि तिचा पहिला सिंगल २७ मे १९९८ रोजी निघाला. या दोन्ही तारखा चाहत्याला स्वतःच्या नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा अधिक पक्क्या पाठ असतात, आणि त्यालाही कारण आहे, ते पुढे येईल. तिच्या संगीताला सोयीसाठी पॉप-रॉक म्हणतात. प्रत्यक्षात त्यात फाटक्या आवाजाची गिटार, जाझच्या वळणाचे स्वरसमूह, जुन्या जपानी गीतांचा नाटकी दर्द आणि ‘र’ हा वर्ण जिभेवर घोळवून तो श्रोत्याच्या अंगावर फेकण्याची खास लकब, असे सारे एकत्र नांदते.

चाहत्यांच्या मतभेदाचा उगम पहिल्याच गाण्यात आहे. जपानमध्ये सिंगल म्हणजे एका मुख्य गाण्याची छोटी तबकडी, आणि तिच्यावर त्या गाण्याच्या सोबतीला एक-दोन दुय्यम गाणी असतात, त्यांना ‘कपलिंग’ म्हणतात. ‘कोफुकुरोन’ हा पहिला सिंगल ऐकायला सरळ, प्रसन्न, शाळेच्या स्नेहसंमेलनात चालेल असा आहे. तेच गाणे फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘मुझाई मोराटोरियम’ या पहिल्या अल्बमवर आले तेव्हा त्याचा वेग वाढला होता, गिटार खरखरत होती आणि गायिका ध्वनिवर्धकातून पोलिसांना हाक मारावी तशी गात होती. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासात ज्याला पाठभेद म्हणतात तो हाच, आणि त्यावरून दोन पक्ष पडले. पूर्वपक्ष असा की मूळ पाठ सिंगलचा, अल्बममधला प्रक्षिप्त. उत्तरपक्ष असा की सिंगल हा कंपनीच्या आग्रहाचा पाठ आणि अल्बममधला गायिकेच्या मनातला. दोन्ही पक्षांकडे पुरावा नाही, आणि त्यामुळेच वाद टिकून आहे. तिसरा, संख्येने लहान पण अधिक तुसडा असा एक पक्ष आहे. त्याच्या मते मुख्य गाण्याची चर्चाच व्यर्थ असून त्या सिंगलवरचे खरे गाणे ‘सुबेरिदाई’ हे कपलिंग होय. हे गाणे दहा वर्षे कोणत्याही अल्बमवर आले नाही; २००८ मध्ये ‘वाताशी तो होदेन’ हा कपलिंग गाण्यांचा संग्रह निघाला तेव्हा ते सर्वांना मिळाले, आणि ज्यांच्याकडे जुनी तबकडी होती त्यांना या उदारतेचा मनस्वी खेद झाला.

दुसरा सिंगल ‘काबुकिचो नो जोओ’, म्हणजे टोकियोतील शिंजुकूच्या रात्रवस्तीची राणी. आईने टाकलेली मुलगी त्या वस्तीची सम्राज्ञी होते अशी ही कथा पूर्णपणे रचलेली आहे. तरीही अनेक श्रोत्यांनी ती आत्मचरित्र समजून ऐकली, आणि फुकुओकाहून आलेल्या एका विशीतल्या मुलीवर सहानुभूतीचा वर्षाव झाला. गायिकेने स्वतःचे वर्णन ‘शिंजुकू शैलीची स्वरचित-स्वअभिनीत कलाकार’ असे करून या गैरसमजाला खतपाणीच घातले. चाहत्याला आज सत्य माहीत आहे. परंतु टोकियोला गेलेला चाहता त्या वस्तीच्या कमानीखाली उभा राहून छायाचित्र काढतोच, आणि सत्य माहीत असल्याचे शेजाऱ्याला सांगूनही टाकतो.

२६ जानेवारी २००० रोजी तिने एकाच दिवशी दोन सिंगल काढले, ‘गिबुसु’ आणि ‘त्सुमी तो बात्सु’. व्यापाराच्या दृष्टीने ही स्वतःशीच स्पर्धा होती, पण चाहत्यांच्या दृष्टीने ही परीक्षा होती, कारण ‘कोणता आधी ऐकला?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो अशी एक समजूत त्यांच्यात रूढ आहे. ‘गिबुसु’ निवडणारा हळवा, कारण ते सरळ प्रेमगीत आहे. ‘त्सुमी तो बात्सु’ निवडणारा उग्र, कारण त्यात गायिका घसा फाडून गाते आणि त्याच्या चित्रफितीत मर्सिडीज गाडीचे दोन तुकडे झालेले दिसतात. या दुसऱ्या गाण्यात गिटार वाजवली आहे ‘ब्लँकी जेट सिटी’ या बँडच्या आसाई केनइची यांनी. पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात शीनाने याच गिटारवादकाचे टोपणनाव घेऊन आपली भक्ती जाहीर केली होती, आणि वर्षभराच्या आत तो तिच्या स्टुडिओत येऊन वाजवून गेला. चाहता या घटनेकडे अत्यंत आशेने पाहतो. त्याच्याही भक्तीला वर्षभरात असेच फळ येईल असे त्याला वाटते. ते आलेले नाही.

३१ मार्च २००० चा ‘शोसो स्ट्रिप’ हा अल्बम वीस लाखांहून अधिक खपला, ‘होन्नो’ या गाण्याच्या चित्रफितीत परिचारिकेच्या वेषात काच फोडणारी शीना घराघरांत पोहोचली, आणि नेमका इथूनच चाहत्याचा हिशेबनीस झाला. या अल्बमची लांबी ५५ मिनिटे ५५ सेकंद आहे. तेरा गाण्यांपैकी सातवे, म्हणजे ‘त्सुमी तो बात्सु’, हे मध्य धरले की दोन्ही बाजूंची शीर्षके आरशातल्यासारखी एकमेकांसमोर येतात : पहिले शीर्षक खोटे बोलण्याच्या रोगाचे, तेरावे व्यसनाच्या रोगाचे, आणि जपानी लिपीत दोन्ही तीन अक्षरांची व एकाच अक्षराने संपणारी, चौथे तीन अक्षरांचे, तर दहावेही तीनच अक्षरांचे. एवढे कळल्यावर कोणता माणूस गाणी ऐकण्यापुरता थांबेल? चाहत्याने ओळखले की ही रचना शोधण्यासाठी ठेवलेली आहे, आणि तेव्हापासून जिथे ती ठेवलेली नाही तिथेही तो ती शोधतो.

मात्र खरी कसोटी आहे तो २००३ च्या फेब्रुवारीतला तिसरा अल्बम, ‘कारुकी झामेन कुरी नो हाना’. या नावाचा अर्थ ब्लीचिंग पावडर, वीर्य आणि चेस्टनटची फुले असा असून या तिन्हींचा वास सारखा येतो अशी त्यामागची कल्पना आहे. आपण कोणता अल्बम ऐकत आहोत हे चाहत्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना पूर्ण सांगितल्याचे उदाहरण उपलब्ध नाही. याची लांबी ४४ मिनिटे ४४ सेकंद आहे. जपानीत चार या अंकाचा एक उच्चार मृत्यूच्या उच्चाराशी जुळतो म्हणून तो अंक अशुभ मानतात, आणि इथे तो चारदा आहे. अकरा गाणी, मध्यभागी सहावे, सुरुवातीला ‘धर्म’ आणि शेवटी ‘अंत्ययात्रा’. दुसऱ्या क्रमांकावर जर्मन भाषेतून आलेला प्रतिरूपवाचक शब्द, तर दहाव्यावर जर्मनमधूनच आलेला भुताटकीचा. शीर्षके युद्धपूर्व काळातल्या जुन्या वर्णलेखनाने लिहिलेली. संगीतात तंतुवाद्यांचा मोठा वृंद, पारंपरिक जपानी वाद्ये आणि संगणकातून काढलेले आवाज एकमेकांत इतके विणलेले आहेत की ‘होन्नो’च्या अपेक्षेने आलेला श्रोता तिसऱ्या गाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच आपण वेगळ्याच दुकानात शिरलो अशा समजुतीने परत फिरतो. प्रकाशनाच्या वेळी अनेक चाहत्यांनी हा अल्बम दुर्बोध ठरवला. आज तेच चाहते त्याला शिखर मानतात, आणि त्या वेळीही आपले मत असेच होते असे शपथेवर सांगतात. इतिहासलेखनात या प्रवृत्तीला काय म्हणावे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी निष्कर्ष बरोबर आहे : हा तिचा सर्वोत्तम अल्बम होय, कारण यातली कारागिरी दाखवण्यासाठी नाही, अस्वस्थ करण्यासाठी आहे.

याच सुमारास गायिकेने चेहऱ्यावरचा तीळ काढून टाकला. संगीताशी या गोष्टीचा संबंध नाही, हे कोणाही समंजस माणसाला पटेल; परंतु चाहत्यांच्या कालगणनेत इसवी सनाइतकेच या घटनेला महत्त्व असून तीळपूर्व आणि तीळोत्तर असे दोन कालखंड ते बिनदिक्कत मानतात. तीळपूर्व काळात संताप अस्सल होता आणि तीळोत्तर काळात केवळ कौशल्य उरले, हे या पंथाचे मुख्य सूत्र. त्याचे खंडन करणारी गाणी ऐकवली तर ती ध्वनिमुद्रित उशिरा झाली असतील, सुचली आधीच असतील, असे उत्तर मिळते.

तीळोत्तर काळाच्या आरंभी ती ‘टोकियो जिहेन’ या बँडची गायिका झाली. या बँडच्या अल्बमांची नावे दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांच्या प्रकारांवरून घेतलेली आहेत : ‘शिक्षण’, ‘प्रौढ’, ‘करमणूक’, ‘क्रीडा’, ‘महाशोध’. पहिला अल्बम २५ नोव्हेंबर २००४ रोजी निघाला, म्हणजे गायिकेच्या वाढदिवशी, आणि तारखा पाठ ठेवण्याचे सार्थक झाले. ‘करमणूक’ अल्बममध्ये चाली सहकाऱ्यांनी बांधल्या, शीनाने शब्द लिहिले. त्यावर कट्टर चाहत्याने केलेला आक्षेप असा की यात शीना कमी आहे, आणि बँडच्या चाहत्याने दिलेले उत्तर असे की म्हणूनच तो बरा आहे. बँड विसर्जित झाला २९ फेब्रुवारी २०१२ रोजी. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला विसर्जन करणे म्हणजे शोकाचा खर्च वाचवणे, असे एखाद्या काटकसरी माणसाला वाटेल. २०२० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, आणि पहिली मैफल त्याने २९ फेब्रुवारीलाच केली.

पुढचा तक्रारीचा विषय म्हणजे ‘टाय-अप’, म्हणजे जाहिरात, मालिका किंवा प्रसारणासाठी मागणीवरून रचलेले गाणे. जपानी संगीतव्यवसाय या पद्धतीवर चालतो आणि शीनानेही ती स्वीकारली. ‘एनएचके’ या सार्वजनिक वाहिनीच्या २०१४ च्या विश्वचषक फुटबॉल प्रसारणासाठी तिने ‘निप्पोन’ हे गाणे दिले, तेव्हा त्यातला राष्ट्राभिमान जरा जास्तच झाला अशी टीका झाली. त्याच वर्षीचा ‘हि इझुरु तोकोरो’ हा अल्बम अशा आधीच गाजलेल्या गाण्यांनी इतका भरलेला होता की चाहत्याला तो विकत घेतल्यावर त्यातले बरेचसे आपल्याकडे असल्याचे आढळले. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या समारोपात टोकियोकडे ध्वज सुपूर्द करण्याच्या कार्यक्रमाची संगीताची बाजू तिने सांभाळली. काच फोडणारी परिचारिका आता राष्ट्रीय समारंभ सजवते, या विचाराने चाहता व्यथित झाला, कार्यक्रम त्याने तीनदा पाहिला आणि तो उत्तम झाल्याचे मान्य केले. तक्रार खरी आहे, तरी ती अर्धीच आहे, कारण मागणीवरून लिहिलेल्या ‘कार्नेशन’ या मालिकागीतात तिच्या आवाजाचा जो संयम आहे, तो तिने आपणहून कदाचित दाखवलाच नसता.

२७ मे २०१९ चा ‘सान्दोकुशी’, म्हणजे पदार्पणाच्या तारखेलाच आलेला अल्बम, महाराष्ट्रातल्या वाचकाला अनपेक्षितपणे जवळचा वाटेल. नावातली तीन विषे म्हणजे बौद्ध विचारातले राग, द्वेष आणि मोह. पहिल्या गाण्याच्या नावातले कोंबडा, साप आणि डुक्कर हे प्राणी भवचक्राच्या मध्यभागी या तीन विषांची प्रतीके म्हणून काढले जातात, आणि त्या भवचक्राचे एक प्राचीन चित्र भग्नावस्थेत का होईना अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत आहे. तेरा गाण्यांपैकी विषम क्रमांकांवर ती एकटी गाते, सम क्रमांकांवर तिच्यासोबत पुरुष कलावंत आहेत. बरोबर मधले गाणे ‘टोकियो’. युगुलगीतांतला मियामोतो हिरोजी यांच्याबरोबरचा दंगा उत्कृष्ट आहे, बाकीच्यांत पाहुण्यांचा मान अधिक राखला गेला आहे. २०२४ च्या ‘होजोया’मध्ये स्त्री गायिकांबरोबरची गाणी आहेत आणि ती या मानापमानातून मोकळी झालेली वाटतात.

आता राहिला तो प्रश्न, जो चाहत्याला सर्वांत जास्त छळतो : ‘मारुनोउची सादिस्टिक’. पहिल्या अल्बममधले तिसरे गाणे. ते कधीच सिंगल म्हणून निघाले नाही. टोकियोच्या भुयारी रेल्वेतली स्थानके, ओचानोमिझूची वाद्यांची दुकाने आणि महाग गिटार घेऊ न शकणाऱ्या मुलीचे स्वप्न यांचे हे गाणे आज जपानमध्ये तिचे बहुधा सर्वांत जास्त गायले जाणारे गाणे आहे, आणि त्यातला स्वरसमूहांचा क्रम इतक्या नव्या गाण्यांत वापरला गेला की जपानी संगीतकार त्याला या गाण्याच्याच नावाने ओळखतात. मुळात हाच क्रम ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर आणि बिल विदर्स यांच्या ‘जस्ट द टू ऑफ अस’मध्येही आहे, ही गोष्ट चाहता संधी मिळताच सांगतो. जुन्या चाहत्याची अडचण अशी की जे गाणे त्याने एकट्याने शोधले असे तो मानत होता, ते कराओकेच्या खोलीत प्रत्येक जण म्हणू लागला. त्यामुळे ते आवडत नाही असे सांगणे त्याच्या प्रतिष्ठेसाठी आवश्यक ठरते, आणि ते लागले की त्याचा पाय ठेका धरतो.

नव्याने ऐकणाऱ्याने या पंथांच्या भांडणात पडू नये. ‘कोफुकुरोन’चे दोन्ही पाठ एकामागोमाग ऐकावेत, ‘शोसो स्ट्रिप’ रात्री मोठ्या आवाजात लावावा, ‘मारुनोउची’ लपूनछपून न ऐकता उघडपणे ऐकावे, आणि ‘कारुकी’साठी मात्र सलग ४४ मिनिटे ४४ सेकंद मोकळी ठेवावीत, मध्ये थांबवून ऐकला तर तो अल्बम कळत नाही.