हाताला गुण

रत्नागिरीत बदली होऊन आलेल्या माणसाला घर, दूधवाला आणि खात्रीचा हापूसवाला गाव आपणहून मिळवून देतं. तान्ह्या मुलासाठी डॉक्टर विचारा, की गावात फूट पडते.

माळनाक्यावरच्या काकू म्हणतात, "आमच्या डॉक्टरांकडे न्या. हाताला गुण आहे." शेजारचे काका लगेच म्हणतात, "ते? अहो, ते काही देतच नाहीत!" तिसरा पंथ गावातल्या कुणालाच मानत नाही. साध्या सर्दीलाही हे लोक आंबा घाट चढून 130 किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठतात. घाटात पोराला उलट्या होतात आणि तिथले डॉक्टर बिचारे उलट्यांचं औषध देतात.

काही न देणाऱ्या डॉक्टरांकडे गेलं, की आधी काट्यावर पोराची तंगडझाड होते. मग कार्डावरच्या आलेखात वजनाचा ठिपका पडतो. तपासून झाल्यावर डॉक्टर शांतपणे सांगतात, "सर्दी आहे, आपोआप जाईल. अंगावरचं दूध चालू ठेवा. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जायला लागली, तर मात्र थांबू नका."

आजीचा चेहरा उतरतो. एवढा नंबर लावून यायचं आणि हातात एक बाटलीही पडू नये? त्यात बाळगुटीतल्या मधावरही बंदी, वर्षाच्या आत मध नाही! विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, हे डॉक्टर समजावतात. आजी मान डोलावते, पण नजर औषधाच्या कपाटावरच असते. जुलाबांतही तेच. ओआरएसची पुडी आणि 14 दिवस झिंक. पुडीला का औषध म्हणायचं?

खरं तर पाच बाटल्या लिहून देणं सोपं, घरचे खूश होऊन जातात. काही न लिहिता त्याच लोकांना धीर देऊन घरी पाठवायला धमक लागते. हाताला गुण म्हणतात तो बहुधा लेखणी आवरण्यात असावा.

शिवाय छोट्या गावात डॉक्टर दवाखान्यातच भेटतात असं नाही. मिरकरवाड्यात मासळी घेताना मागून आवाज येतो, "जुलाब थांबले म्हणून झिंक बंद नाही ना केलंत?" मोठ्या शहरात यासाठी पुन्हा वेळ घ्यावी लागते, पैसे मोजावे लागतात. इथे ते पापलेटाची घासाघीस करता करता फुकटात उरकतं.